नंबर राहू द्या, आयत खोडा

बंदुकीवरचा नंबर खोडणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम त्यासाठीच आहे. बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची दुसरी कुठलीही खूण पुसायची नाही, बदलायची नाही, खोटी ठोकायची नाही. अशी खूण नसलेलं हत्यार विकायचं नाही. आणि पुढची तरतूद तर एखाद्या कडक हेडमास्तरांनी लिहिल्यासारखी आहे. खोडलेल्या नंबराची बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो नंबर खोडला असं धरून चालायचं. आपण खोडला नाही हे त्याने सिद्ध करायचं. वर्गात बाकावर कर्कटकाने नाव कोरलेलं सापडलं की मीही असंच करते. त्या बाकावर जो बसतो त्याने आधी बोलायचं.

कायदा एवढा कडक का? कारण नंबर बंदुकीला माणसाशी बांधून ठेवतो. ती कुठल्या कारखान्यातून निघाली, कुठल्या दुकानात गेली, कुणाच्या परवान्यावर चढली, कुणाच्या घरातून चोरीला गेली, हे सगळं त्या चार-सहा आकड्यांवरून शोधता येतं. म्हणून गुन्हेगार आधी नंबरावर कानस चालवतो. त्यातही त्याचं पुरतं साधत नाही. ठोकून उमटवलेल्या आकड्याखालचा धातू दाबला गेलेला असतो. वरचा थर घासला तरी तो दाब आत उरतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर आम्ल लावलं की पुष्कळदा आकडा पुन्हा दिसू लागतो.

नंबराबद्दल कुणाचंच भांडण नसावं. माझं भांडण आहे ते काही बंदुकांवर नंबराच्या शेजारी कोरलेल्या दुसऱ्या मजकुराशी. धर्मग्रंथातल्या वचनाशी. माझं म्हणणं सरळ आहे. हा मजकूर घासून काढला पाहिजे, मग तो कुठल्याही ग्रंथातला असो. बायबलमधला असो, आपला असो, आणखी कुणाचा असो. शीर्षक वाचून काही भावांचं रक्त उसळलं असेल याची मला कल्पना आहे. त्यांना विनंती एवढीच, की आधी पूर्ण वाचा, मग शिव्या द्या.

सुरुवात दुसऱ्यांच्या घरातून करते, कारण तिथलं आपल्याला पटकन दिसतं.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात विक्सम नावाचं गाव आहे. तिथली ट्रायजिकॉन ही कंपनी रायफलीवर बसवायच्या, नेम धरायच्या दुर्बिणी बनवते. अंधारात नेमाची खूण चमकावी म्हणून त्यांत ट्रिटियम वापरतात. जानेवारी २०१० मध्ये एबीसी न्यूज या वाहिनीने दाखवलं की या दुर्बिणींवर मॉडेलच्या क्रमांकाला चिकटून आणखी काही अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. 'जेएन ८:१२'. 'टू कॉर ४:६'. पहिला संदर्भ योहानाच्या शुभवर्तमानातला, आठवा अध्याय, बारावं वचन. दुसरा पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला. दोन्ही वचनांचा विषय प्रकाश. अंधारात चमकणाऱ्या दुर्बिणीवर प्रकाशाचं वचन, अशी ती कल्पना होती. संस्थापक ग्लिन बिंडन यांच्या श्रद्धेतून ती आली होती. २००३ मध्ये विमान अपघातात ते वारले, तरी रिवाज चालू राहिला.

दुर्बिणी थोड्याथोडक्या नव्हत्या. अमेरिकेच्या मरीन दलाशी झालेला करार सुमारे ६६ कोटी डॉलरचा होता, ८ लाखांपर्यंत दुर्बिणी पुरवण्याचा. त्या इराकमध्ये गेल्या, अफगाणिस्तानात गेल्या. गंमत अशी, की त्या भागात कुठल्याही धर्माचा प्रचार करायचा नाही असा त्यांच्याच सैन्याचा लेखी हुकूम होता. इराकी आणि अफगाण सैनिकांच्या प्रशिक्षणातही या दुर्बिणी वापरल्या जात होत्या. म्हणजे कुणी अब्दुल्ला किंवा रहमान डोळा लावून नेम धरत होता आणि त्याच्या गालापासून दोन बोटांवर योहानाचं वचन होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला शिकवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे.

बातमी फुटल्यावर जी उत्तरं आली ती नीट ऐकण्यासारखी आहेत. सैन्याच्या सेंट्रल कमांडचा एक प्रवक्ता म्हणाला, आमच्या नोटांवरही देवाचं नाव असतं, तसंच हे. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सांगितलं की ही अक्षरं पहिल्यापासून आहेत आणि तक्रार करणारे ख्रिस्ती नाहीत. आणि बाकीच्यांचा युक्तिवाद असा, की एवढी बारीक अक्षरं, दिसतात कुणाला?

नोटेचं उत्तर आधी घेऊ. नोटेने मी कांदे घेते, मुलाची फी भरते, फकिराला देते. नोट समोरच्याच्या हातात ठेवली तर तो घरी जातो. रायफलीची गोष्ट वेगळी आहे. दुसरं उत्तर तर उत्तरच नव्हे. तक्रार ख्रिस्ती माणसाने केली असती तर अक्षरं गेली असती काय? त्या संघटनेचं म्हणणं होतं की तिच्याकडे येणाऱ्या सैनिकांत ख्रिस्तीच जास्त आहेत. मला ते पटतं. आपल्या देवाचं नाव कुठे लिहिलं जातंय याची लाज आधी घरच्यांनाच वाटते. आणि बारीक अक्षरांबद्दल एक शिक्षिका म्हणून सांगते, कॉपीची चिठ्ठीही बारीक अक्षरांतच असते. लपवून लिहिलेल्या मजकुराचा लिहिणाऱ्यालाच भरवसा नसतो. उघड लिहायची हिंमत असती तर ते दुर्बिणीच्या माथ्यावर लिहिलं असतं, क्रमांकाच्या शेपटीला बांधलं नसतं.

जनरल पेट्रेयस त्या वेळी सेंट्रल कमांडचे प्रमुख होते. त्यांनी हा प्रकार अस्वस्थ करणारा आहे असं सांगितलं. बातमी आल्यानंतर चार दिवसांच्या आत कंपनीने जाहीर केलं की नव्या लष्करी दुर्बिणींवर वचनं कोरणार नाही आणि वापरात असलेल्या दुर्बिणींवरची काढायला १०० संच देणार. न्यूझीलंडच्या सैन्याकडे अशा सुमारे २६० दुर्बिणी होत्या. त्यांचे तेव्हाचे संरक्षणमंत्री वेन मॅप म्हणाले की आपले सैनिक मुस्लीम देशांत काम करत असताना या मजकुराचा चुकीचा अर्थ निघू शकतो. त्यांनी अक्षरं काढायचं ठरवलं. जग बुडालं नाही. दुर्बिणीतून पूर्वी दिसत होतं तेवढंच नंतरही दिसत राहिलं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. घासायची होती ती वचनाची अक्षरं. मॉडेलचा क्रमांक आहे तसाच ठेवायचा होता. एकाच ओळीतली अर्धी अक्षरं काढायची आणि अर्धी ठेवायची, एवढं हे काम नेमकेपणाने करता येतं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या स्पाइक्स टॅक्टिकल या कंपनीने 'क्रूसेडर' नावाची रायफल काढली. यात लपवाछपवी नव्हती. बंदुकीच्या फ्रेमवर एका बाजूला जुन्या टेम्पलर योद्ध्यांचा क्रूस, दुसऱ्या बाजूला स्तोत्रसंहितेतल्या १४४ व्या स्तोत्राचं पहिलं वचन. त्या वचनात देव लढाईसाठी हातांना शिकवतो. बंदुकीला गोळी अडवण्याची-सोडण्याची एक कळ असते, तिच्यावरही मजकूर होता. एका जागी 'शांती', दुसऱ्या जागी 'युद्ध', तिसऱ्या जागी 'ही ईश्वराची इच्छा'. हे शेवटचं म्हणजे थेट पहिल्या धर्मयुद्धाची घोषणा. कंपनीचा खुलासा असा, की कुठल्याही मुस्लीम दहशतवाद्याने ही बंदूक हातात घेऊ नये म्हणून हे केलं.

हे वाचून मी हसले, मग हसू गेलं. खून करायला निघालेला माणूस बंदुकीवरचं स्तोत्र वाचून 'अरे, हे आपलं नाही' म्हणत ती खाली ठेवील, यावर दुकानदाराचा तरी विश्वास असेल का? नसणारच. तो मजकूर न उचलणाऱ्यासाठी नव्हताच. तो उचलणाऱ्यासाठी होता. बोट कळीवर असताना शेवटचा निर्णय तुझा नाही, वरच्याचा आहे, असं त्याला सांगण्यासाठी.

माझं सगळं भांडण इथे आहे. नंबर आणि वचन दोन्ही एकाच धातूवर बसतात. अमेरिकेच्या कायद्यात तर फ्रेम हीच बंदूक मानली जाते. नळी बदला, दस्ता बदला, नंबर फ्रेमवरचा. १९६८ च्या कायद्यापासून तिथे प्रत्येक नव्या बंदुकीवर तो बंधनकारक आहे. नंबर सांगतो, ही गोळी कुणाच्या बंदुकीतून सुटली ते आम्ही शोधून काढू. वचन सांगतं, शोधायची गरज नाही, ज्याने सोडायला लावली तो वर बसलाय. एक मजकूर माणसाला जबाबदार धरतो, दुसरा त्याला जबाबदारीतून मोकळा करतो. आणि बघा जगाची रीत, खोडायला माणसं निघतात ती नेहमी पहिला मजकूर.

चोरच नव्हे, कधी न्यायाधीशसुद्धा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात ठरवलं की शस्त्रांवरचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजेत. त्याचा आधार घेऊन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका केंद्रीय न्यायाधीशाने निकाल दिला की नंबर खोडलेली बंदूक बाळगणं हा गुन्हा ठरवणारा कायदाच घटनाबाह्य आहे. कारण १७९१ मध्ये, म्हणजे हक्काची ती दुरुस्ती झाली तेव्हा, बंदुकांवर नंबर टाकायचा कायदाच नव्हता! ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा निकाल फिरवला, ते बरं झालं. पण बाप-आज्यांच्या बंदुकीवर नंबर नव्हता म्हणून माझ्याही बंदुकीवर नको, हा तर्क मला फार ओळखीचा वाटला. आपल्याकडेही बाप-आज्यांच्या तलवारीवर आयत होती म्हणून माझ्याही तलवारीवर हवी, असं म्हणणारे आहेतच.

त्यांच्याकडे वळण्याआधी न्यूझीलंडला एकदा परत जायला हवं. १५ मार्च २०१९, जुम्म्याचा दिवस. क्राइस्टचर्चमधल्या दोन मशिदींत एका माणसाने गोळ्या घालून ५१ जणांना मारलं. मृतांत भारतीयही होते. त्याच्या बंदुका कारखान्यातून कोऱ्याच आल्या होत्या. मजकूर त्याने स्वतः लिहिला, पांढऱ्या अक्षरांत. ७३२ ची तूरची लढाई. चार्ल्स मार्टेलचं नाव. १६८३ चा व्हिएन्नाचा वेढा. शेकडो वर्षांपूर्वीच्या लढाया त्याने बंदुकीवर अशा लिहिल्या जणू काल झाल्या होत्या आणि हिशोब राहिला होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनीही ते घ्यायचं नाकारलं होतं. महिन्याभराच्या आत त्यांच्या संसदेने बहुतेक निमस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली.

याच देशाने नऊ वर्षांपूर्वी आपल्या सैनिकांच्या दुर्बिणींवरची वचनं काढायचं ठरवलं होतं. सरकार आपल्या सैन्याच्या हत्यारावरचा मजकूर काढू शकतं. घरात एकटा बसून रंगाची पेन चालवणाऱ्याचा हात कोण धरणार? तो हात मुळात तसा वळू नये म्हणून कुणीतरी आधी बोलायला हवं असतं, आणि ते बोलणं त्याच्याच लोकांतून यावं लागतं. म्हणून आता आपल्या घराकडे येते.

विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. गाईड तिच्या तोंडाकडे बोट दाखवतो. हत्तीला गिळणारा सिंहासारखा जबडा. मुलं त्यावर हात ठेवून फोटो काढतात. तिच्या अंगावरचा मजकूर कुणी वाचत नाही, कारण आता फारसी कुणाला येते? ही तोफ मूळची आपल्या अहमदनगरची. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने तिथे ओतली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. तिच्यावर अल्लाहचं नाव आहे, आणि निजामशहा स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. पुढे ती विजापुरात आली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं तेव्हा त्याने त्याच तोफेवर आपला मजकूर चढवला, की गाझी आलमगीर बादशहाने विजापूर जिंकलं आणि मलिक-ए-मैदान ताब्यात घेतली.

आता हिशोब करा. तोफ ओतणारा मुसलमान. ज्याच्यासाठी ओतली तो मुसलमान. जिच्या बुरुजावर चढली ती आदिलशाही मुसलमानांची. जिंकून घेणारा मुसलमान. अल्लाहचं नाव पहिल्या दिवसापासून तिच्या अंगावर होतंच. त्या नावाने कुणाला अडवलं? नाव तोफेच्या मागे उभ्या असलेल्याचं होतं तसं तोंडापुढे उभ्या असलेल्याचंही होतं.

त्याहून जुनं उदाहरण तर मशिदीत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हिजरी ३७, म्हणजे इसवी सन ६५७. सिफ्फीनचं मैदान. हजरत अलींची फौज वरचढ होतेय असं दिसल्यावर समोरच्या फौजेने भाल्यांच्या टोकांना कुरआनची पानं बांधून वर धरली. हजरत अलींनी आपल्या लोकांना सांगितलं की हा डाव आहे, फसू नका. लोक फसले. त्यातून जो तडा गेला तो चौदाशे वर्षं सांधलेला नाही. हत्याराच्या टोकावर कलाम पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो असा, आणि तो कुणा काफिराच्या विरोधात नव्हता. आपणच आपल्याविरुद्ध तो वर धरला होता.

त्यानंतर तलवारींवर, खंजिरांवर, चिलखतांवर आयती कोरायची कलाच उभी राहिली. सूरा सफमधल्या तेराव्या आयतीतला मदतीचा आणि विजयाचा वायदा तर किती पात्यांवर असेल याची गणती नाही. टिपू सुलतानाच्या हत्यारांवर वाघाच्या चेहऱ्याच्या आकारात हजरत अलींचा किताब गुंफलेला असायचा. अक्षर म्हणून ते अप्रतिम आहे. उर्दू शिकवते, खुशखत शिकवते, एवढं मला कळतं. फारसीतला 'नक्श' आपल्या मराठीत 'नक्षी' होऊन आला आणि 'नकाशा' होऊन आला. आपल्या भाषेलाच कोरलेल्या अक्षराची हौस आहे. संग्रहालयातल्या त्या पात्याला कुणी हात लावू नये, तो इतिहास आहे. खोडायचं म्हणते ते आज नव्याने कोरलं जातं त्याबद्दल. मात्र काचेखाली नुसतं 'सुलेखनाचा सुंदर नमुना' लिहून भागू नये. काय लिहिलंय, त्याचा अर्थ काय, ते हत्यार कुणाविरुद्ध उचललं गेलं, हेही लिहा.

शेजारच्या मदरशातले हाफिजसाहेब माझे जुने परिचित. त्यांच्याशी हा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "आपा, वो तो बरकत के लिए होता है." मी विचारलं, हाफिजसाहेब, अल्लाहचं नाव कोरलेली अंगठी घालून तुम्ही संडासात जाता का? "तौबा! उतारकर जाते हैं." फिक्हच्या किताबांत तसंच सांगितलंय. कुरआनचं जुनं, फाटलेलं पान आपण रद्दीत देत नाही. पुरतो, नाहीतर वाहत्या पाण्यात सोडतो. पुष्कळ फकीहांनी तर मशिदीच्या भिंतीवर आयत लिहिणंही मकरूह मानलं, का तर प्लास्टर पडलं आणि अक्षरावर पाय पडला तर? पायदळी जाईल म्हणून भिंतीवर नको, नापाक जागा म्हणून बोटात नको, आणि माणसाच्या आतड्यात शिरणाऱ्या पात्यावर चालतं? रक्त पाक असतं का, हाफिजसाहेब? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हा सवाल कुणी केलाच नव्हता. भला माणूस आहे, टाळलं नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही फक्त ख्रिस्ती आणि मुसलमानांचं बोलता. बाकीच्यांचं काय? ८ ऑक्टोबर २०१९, दसऱ्याचा दिवस. फ्रान्समध्ये पहिलं राफेल विमान ताब्यात घेताना आपल्या संरक्षणमंत्र्यांनी त्यावर ओम काढला, चाकाखाली लिंबं ठेवली. मला ते रुचलं नाही, कारण विमान देशाचं आहे आणि देशात मीही आहे. पण दोन गोष्टींची गल्लत मी करणार नाही. खंडेनवमीला आमच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडे मशीनला झेंडूची माळ असते, सुताराच्या करवतीला असते, एसटीच्या चाकालाही असते. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यापुढे एक दिवस वाकायचं, ही भावना मी समजू शकते. माळ दुसऱ्या दिवशी सुकते, बोटाने काढलेला गंध पहिल्या पावसात जातो. कारखान्यात धातूत कोरलेलं वचन सुकत नाही. ते हत्याराचा भाग होतं, आणि हत्यार ज्याच्या हातात जाईल त्याला परवाना देत राहतं. जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्याच्या पितळी, लोखंडी बकलावर 'ईश्वर आमच्यासोबत' असं ठोकलेलं असायचं. पहिल्या महायुद्धात होतं आणि हिटलरच्या पायदळाच्या पट्ट्यावरही होतं. ते बकल लावून काय काय केलं गेलं हे जगाला माहीत आहे.

हे सगळं मी आज का लिहितेय, तर नववीतल्या मुलांमुळे. गेल्या काही महिन्यांत माझ्या वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर एक चित्र फिरतंय. काळी रायफल, तिच्या फ्रेमवर सोनेरी अक्षरांत कलमा. खोटं चित्र आहे. कुणीतरी ॲपमध्ये अक्षरं चिकटवलीत आणि तीही धड नाहीत, एक नुक्ता गायब आहे. एकाला उभं केलं, वाच म्हटलं. वाचलं. अर्थ सांग म्हटलं. अर्थ आला. मग विचारलं, या वाक्याला बंदूक कशाला लागते? तो म्हणाला, "आपा, पावरफुल दिसतं."

पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला सजा देऊन मी काय करू? त्याला वाटतं अक्षरांमुळे बंदूक पवित्र झाली. खरं तर बंदुकीमुळे अक्षरं मळली. पलीकडच्या शाळेतल्या मुलांच्या मोबाइलवरही असंच चित्र आहे. तलवार, तिच्यावर त्यांच्या देवाचं नाव. ॲप तेच असावं, सोनेरी रंगही तोच आहे. दोन्हीकडची पोरं एकाच दुकानातून माल घेतात आणि एकमेकांना घाबरवायला वापरतात.

पण दोघांना त्याची किंमत सारखी पडत नाही, हे त्या मुलाच्या बापाला मी स्पष्ट सांगितलं. तलवारीने वाढदिवसाचा केक कापला म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर महिन्याला येतात, सगळ्याच नावांच्या पोरांच्या. तिथे कायदा सगळ्यांना एक. मोबाइलच्या स्टेटसचं मात्र वेगळं आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरच्या चित्रांवरून काय पेटलं ते आपण पाहिलंय. ठेवणारी काही पोरं होती, दगड खाल्ले ते दुकानदारांनी. कलमा लिहिलेल्या रायफलीचं चित्र ज्या मुलाच्या मोबाइलमध्ये सापडेल, त्याच्याही बाबतीत ते आठवं कलमच लागू होतं असं समजा, कायद्याच्या पुस्तकातलं नव्हे, रस्त्यावरचं. ज्याच्याकडे सापडलं त्यानेच केलं. आता तू सिद्ध कर.

हे अन्यायाचं आहे, मला मान्य आहे. तो अन्याय बोलून दाखवायचा आणि वर पोराच्या हातात ते चित्रही राहू द्यायचं, हे मला जमणार नाही. बापाने मोबाइल मागितला, चित्र काढलं. मुलगा रुसला. दुसऱ्या दिवशी त्याला फळ्यावर तोच कलमा लिहायला सांगितला, खडूने, नुक्त्यासकट. सुरेख लिहिला. वर्गाने माशाअल्लाह म्हटलं. तास संपल्यावर फळा पुसायची वेळ आली तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "आपा, हे डस्टरने पुसू?" मी म्हटलं, ओल्या कपड्याने पूस, खडूची भुकटी खाली पडू देऊ नको.

हा लेख वाचून कुणीतरी विचारणारच, मग सौदीच्या झेंड्यावर कलमा आणि तलवार एकत्र आहे, त्याचं काय? कलमा असू दे. तलवार काढा.